सहा कार्डं उघडी, एक पाकीट बंद

कार्ड पहिलं
मनमाड, ३ जून २०२४

राधाकृष्ण गुरुजी,

नमस्कार लिहीत नाही. हाताला येत नाही.

तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवलाय. पाकीट पाठवलं तर न फोडता चुलीत जाईल, हेही ठाऊक आहे. म्हणून उघडी कार्डं. उघडं कार्ड टाकळवाडीत आलं की आधी कानिफनाथ पोस्टमन वाचणार, मग तो पारावर टेकणार, मग पार वाचणार. गिरणीपर्यंत पोचेस्तोवर तुम्हाला ते वाचल्याशिवाय सुटका नाही. कानिफनाथ, राम राम. अक्षर बारीक आहे, चष्मा लाव.

तर गुरुजी, तुमचा धाकटा भाऊ गॅरेजला कुलूप लावून निघालाय. आधी राजस्थानचं वाळवंट, मग काश्मीर, मग लडाख. गाडी तीच जुनी स्प्लेंडर. चार वर्षांपूर्वी पौषात जिनं लंकाबाईला उडवलं, तीच. आठ महिने पोलीस ठाण्याच्या आवारात धूळ खात होती. मी सोडवून आणली, इंजिन खोललं, पुढचा चिमटा बदलला. लोक म्हणाले भंगारात घाल. म्हटलं, हिनं काय केलंय?

गावाला माहीत आहे की अमृतनं ऊसतोडणीच्या बाईला धडक दिली, बाई रस्त्यात पडली आणि अमृत पळून गेला. पोलिसांत मीच तसं सांगितलं, कोर्टात मीच कबूल केलं. त्यात जे राहून गेलंय ते आता थोडं थोडं लिहिणार आहे. सहा कार्डं. सहाव्यावर नाव.

त्याआधी तुम्ही आईसमोर बसून स्वतःच्या तोंडानं सांगितलंत, तर पुढचं कार्ड येणार नाही. गावाकडून मला काही नको. आईला कळलं पाहिजे, आणि तुमच्या तोंडून कळलं पाहिजे.

अमृत

कार्ड दुसरं
बाडमेर, ७ जून

गुरुजी,

इथं सकाळी दहालाच हँडल धरवत नाही. पहाटे निघतो, अकराला कुठंतरी सावली बघून पडतो, पाचला पुन्हा किक. काल वाळूचा लोट आला, समोरचा ट्रक दिसेना. एअर फिल्टर खोलला तर आत मूठभर वाळू. रस्त्याकडेला बसून झाडला, पेट्रोलनं धुतला, वाळवला. बघायला जमलेल्या दोन म्हाताऱ्या त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि मला ताक दिलं. आपल्या घरात मला शेवटचं कुणी आपणहून ताक दिलं ते आठवत नाही.

या कार्डाचा कोपरा टाकीवरच्या पिशवीत दुमडलाय. नीट बघून घ्या. दुमडलाय, फाटलेला नाही. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं, ही रीत मला माहीत आहे. तेव्हा आईला उगाच घाबरवू नका. अजून कुणी मेलेलं नाही.

आता कामाचं. लंकाबाईनं दवाखान्यात सांगितलं होतं, 'गाडीवाला पांढऱ्या सदऱ्यात हुता.' जबाबात तसं लिहिलंय, कोर्टात वाचूनही दाखवलं. मी मान खाली घालून 'हो' म्हणालो.

टाकळवाडीकरांना माझं एकच विचारणं आहे. आयटीआय सोडल्यापासून मी ग्रीसमध्ये आहे. लग्नाकार्याला जातो तेव्हाही काळा नाहीतर निळा घालतो, कारण हाताचा डाग कुठंतरी लागतोच. मला पांढऱ्या शर्टात कुणी बघितलंय का? एकदा तरी? कानिफनाथ, तू बघितलंयस?

आणि गावात रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट कोण घालतं?

अमृत

कार्ड तिसरं
बिकानेर, १० जून

गुरुजी,

आज चेन सैल झाली होती, ती आवळली. बाकी गाडी उत्तम. तुमची तब्येत कशी आहे? झोप लागते?

आज आईबद्दल. आईचं माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू. तिची आई कोयता घेऊन दर साल आपल्याच कारखान्याला यायची, आणि आई पाचटाच्या कोपीत वाढली. तिला दारूड्या खपतो, जुगारी खपतो. पण तोडणीच्या बाईला गाडी घालून पळून जाणारा खपत नाही. 'माझ्या आईच्या जागंची बाई, अन् तू मागं वळून बघितलं न्हाईस?' एवढंच ती मला बोलली. त्यानंतर चार वर्षांत तिनं मला नावानं हाक मारलेली नाही. ताट वाढते, सरकवते आणि उठून जाते. वहिनी असली तर वहिनीला सांगते, 'त्याला भाकर पायजे का इचार.' मी तिथंच, हातभर अंतरावर बसलेला असतो.

राहुरीच्या आरतीशी ठरलेलं लग्न मोडलं. तिच्या बापानं बैठकीत तोंडावर सांगितलं की पळपुट्याच्या घरात मुलगी देणार नाही. तुम्ही शेजारी बसला होता. पांढऱ्या शर्टात. चहा संपवलात, बशी खाली ठेवलीत, आणि म्हणालात, 'त्यांचंही बरोबर आहे.'

तो दिवस मला या वाळवंटापेक्षा जास्त भाजतो. जीव जळतो म्हणजे काय ते मला त्या बैठकीत कळलं.

तीन कार्डं झाली. तीन राहिली.

अमृत

कार्ड चौथं
पठाणकोट, १५ जून

मा. राधाकृष्ण गुरुजी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, टाकळवाडी

पत्ता बदललाय, कारण काल निकितावहिनीचा फोन आला होता. म्हणाली, 'भावजी, कशाला चव्हाट्यावर आणताय? ह्यांनी कानिफनाथला सांगितलंय, कार्ड फक्त माझ्या हातात दे.' वा गुरुजी! म्हणून आता शाळेत. आज शाळा उघडली असेल. पहिल्या दिवशी फुगे, खाऊ, आणि चार दिवसांनी हे.

तुम्ही गावात सांगताय म्हणे की अमृतच्या डोक्यावर परिणाम झालाय, उन्हात फिरून. उन्हाच्या आधीचं सांगतो.

गेल्या वर्षी तुमचा सत्कार झाला. शाल, नारळ. हार गळ्यात असताना तुम्ही खरेपणावर पाऊण तास बोललात. त्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्या खोलीत आलो, दार लावलं, आणि हात जोडले. हो, हात जोडले. म्हणालो, आता तुम्ही कायम झालात, ज्या नोकरीसाठी मी गप्प बसलो तिला कुणी धक्का लावत नाही, आता फक्त आईला सांगा. बाहेर नको, चार भिंतींत सांगा. तुम्ही आईला हाक मारलीत. मला वाटलं, सांगताय. आणि तुम्ही काय म्हणालात? 'आई, हा बघ काय म्हणतोय. मी तर त्या दिवशी गाडीवर नव्हतोच.'

आईनं माझ्याकडं बघितलं. पळपुटा तर होताच, आता भावावर ढकलतोय, असं ते बघणं होतं. ते मी अजून अंगावर वागवतोय.

उद्यापासून माझा मोबाईल मुका. प्रीपेड कार्ड जम्मूत आणि लडाखात चालत नाही. वहिनीला सांगा, फोन लावत बसू नको.

अमृत

कार्ड पाचवं
द्रास, २० जून

गुरुजी,

काल झोजिला घाट चढलो. रस्ता कसला, चिखल आणि दगड, एका अंगाला बर्फाची भिंत, दुसऱ्या अंगाला काही नाही. वर हवा इतकी पातळ की गाडीला दम लागला, काळा धूर सोडायला लागली. प्लग काढून घासला, कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू थोडा सोडला. मग रडतखडत चढली. माझ्यामागं एक पंजाबी ट्रकवाला होता. त्याला घाई होती, तरी हॉर्न न वाजवता थांबून राहिला. थांबणारी माणसं अजून आहेत जगात.

निघायच्या आदल्या दिवशी मी लंकाबाईकडं गेलो होतो, तिच्या गावी. हे कुणाला सांगितलं नव्हतं. उजव्या पायानं ती आता फरफटत चालते. तोडणीला जात नाही, दोन शेळ्या आहेत. माझी ओळख सांगितली तेव्हा वाटलं, काठी घालते. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, 'बोल की काहीतरी.' मी म्हटलं, काय बोलू मावशी? तर म्हणाली, 'तू गाडी हाकनारा न्हाईस. तू मागचा. मी पडले तवा गाडीवरून कुनीतरी बोंबलत हुतं, दादा थांब, दादा थांब. त्यो आवाज तुझा हाय. मी त्यो इसरनार न्हाई.'

पोलिसांनी तिला आवाजाचं विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही.

गावकऱ्यांनो, मला एकच भाऊ आहे, आणि मी धाकटा आहे. मी दादा कुणाला म्हणतो?

एक कार्ड राहिलंय, गुरुजी. आई घरीच असते.

अमृत

कार्ड सहावं
लेह, २२ जून

हे शेवटचं.

पाकीट
केलाँग, ६ जुलै

दादा,

हे पाकिटात घालतोय. कानिफनाथनं वाचायचं नाही. तू एकट्यानं वाच.

काल बारालाचा घाट उतरून इथं आलो आणि मोबाईलला रेंज आली. पहिला फोन वहिनीला लावला. तिनं माझा आवाज ऐकला आणि फोन हातातून पाडला. मग मागून आईचा गळा ऐकू आला, 'कोन हाय गं? कोन हाय?' त्यानंतर वहिनीनं सगळं सांगितलं. तुला ठाऊक आहे, पण मी काय ऐकलं ते तुला कळू दे.

मंगळवारी कार्ड आलं, या वेळी घरच्या पत्त्यावर, कोपरा फाटलेलं. कानिफनाथ आत आलाच नाही. फाटकाशी टोपी काढून उभा राहिला. आईला अक्षर कळत नाही, पण कोपरा कळतो. ती तिथंच खाली बसली. गाव जमलं. अक्षर माझंच होतं, म्हणून कुणीतरी विचारलं म्हणे, मेलेला माणूस कोपरा फाडून कार्ड कसा टाकेल? तर गिरणीवाल्या गहिनीनाथनं उलगडा केला. पोरगं दरीत गेलं असणार, खिशात लिहिलेलं कार्ड सापडलं असणार, मिल्ट्रीवाल्यांनी कोपरा फाडून पेटीत टाकलं असणार. सगळ्यांना पटलं. लडाखातल्या मिल्ट्रीवाल्यांना आपल्याकडची रीत कुणी शिकवली, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग तू शाळेतून आलास. चपलासुद्धा काढल्या नाहीस. आईसमोर बसलास आणि सगळ्या गावादेखत म्हणालास, 'आई, गाडी मी चालवत होतो. अमृत मागं होता. तो थांब म्हणत होता. मी थांबलो नाही.'

आणि आई म्हणाली, 'आता सांगतोस व्हय रं? लेकरू गेल्यावर?'

वहिनी हे सांगत होती तेव्हा मी बसस्टँडवर उभा होतो. तुला काय वाटतं, मला रडू आलं? आनंद झाला. उगाच खोटं कशाला लिहू? असा आनंद झाला की मी गाडीच्या सीटवर मूठ आपटली. चार वर्षं ज्याच्यासाठी तळमळलो ते घडलं होतं. मग शिसारी आली. मी जिवंत होतो, हात जोडले होते, तेव्हा तुझी जीभ उचलली नाही. मी मेल्यावर उचलली. तुला खरं बोलायला माझं मढं लागलं, दादा.

पुढं वहिनी म्हणाली, आईनं तीन दिवस चुळीपुरतं पाणी घेतलं. काल सकाळी नेवाशाला नेऊन सलाईन लावून आणलं.

तेवढ्यात आईनं फोन घेतला. तिनं माझं नाव घेतलं. चार वर्षांनी. आणि पहिलं विचारलं ते काय, 'अमृता, कोपरा कसा रं फाटला?'

मी म्हणालो, 'पिशवीच्या चेनमध्ये अडकला, आई.'

'त्या चेनीचं वाटोळं हो,' म्हणाली. हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

दादा, चेनमध्ये काही अडकलं नव्हतं. मी फाडला.

लेहच्या पोस्टासमोर दगडी पायरीवर बसलो होतो. कार्डावर तुझं नाव लिहिलं, पूर्ण नाव, आणि वाचून बघितलं. मग डोळ्यासमोर आलं की कानिफनाथ आईला ते वाचून दाखवतोय आणि तू शाळेत बसून 'त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय' म्हणतोयस. तू तसंच म्हणाला असतास. आईनं तुझंच खरं मानलं असतं. म्हणून ते कार्ड फाडून टाकलं, दुसरं घेतलं, दोन शब्द लिहिले आणि कोपरा फाडला. मला तुला फोडायचं होतं. आईचा विचार मनात आला नाही, असं लिहिणार होतो. तेही खोटं. आला होता. कार्ड पेटीच्या तोंडाशी धरलेलं होतं तेव्हाच आला होता. तरी टाकलं.

आणि मुद्दाम लांब गेलो. हानलेच्या बाजूला, जिथं चार-पाच घरं, याक आणि थंड वाळू. डोंगरात असलेलं वाळवंट तू बघितलं नाहीस. दिवसा अंग भाजतं आणि सावलीत बोटं बधिर होतात. तिथं दहा दिवस काढले. गाडीचं काम काढलं, जे नव्हतं ते. क्लच प्लेटी काढून पुन्हा तशाच बसवल्या. कार्ड पोचायला किती दिवस लागतील याचा हिशेब मनात चालू होता. एका सकाळी वाटलं, आज पोचलं असेल. त्या दिवशी मी जेवलो, आणि नीट जेवलो. आई तिकडं उपाशी बसली होती.

आणखी एक आहे. हे मी पाचही कार्डांवर लिहिलं नाही, लंकाबाईलाही सांगितलं नाही. मी 'थांब' म्हणालो, खरं आहे. पण उतरलो नाही. गिरणीच्या वळणावर तू गाडी दुसऱ्या गिअरात टाकली होतीस. माणूस चालतो तेवढीच ती चालत होती, उडी मारली असती तर खरचटलंसुद्धा नसतं. मी मागं जाऊ शकत होतो. दिवस मावळायला तास होता, रस्ता सरळ होता, बाई दिसत होती. एका टेम्पोवाल्यानं तिला उचललं म्हणून ती वाचली. मी सीटची कडी धरून बसून राहिलो आणि तोंडानं थांब थांब करत राहिलो. आई म्हणते तसा मी पळपुटा आहेच, दादा. तू पुढं बसून पळालास, मी मागं बसून. तरी आईसमोर मी चार वर्षं एकटाच होतो, आणि त्याची माफी मी तुला देणार नाही. मी आईला जे केलं त्याची तूही मला देऊ नकोस.

आईनं ते कार्ड फाडू दिलं नाही, असं वहिनी म्हणाली. एरवी असलं कार्ड घरात ठेवत नाहीत, पण तिनं उशाखाली ठेवलंय. लेकाचं अक्षर आहे म्हणून.

या पाकिटात कोपऱ्याचा तुकडा आहे. हानलेत असताना माझ्या पान्यांच्या डब्यात ठेवला होता, म्हणून ऑइलचा वास येईल. कार्डाला लावून बघ. बरोबर बसतो. आईला हे वाचून दाखवलंस आणि तुकडा हातात दिलास तर ती पुन्हा माझं नाव घेणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. दोन्ही चुलीत टाकलीस तर माझ्यासाठी तू गप्प बसशील. मी जसा तुझ्यासाठी बसलो होतो.

मी उद्या मनालीकडं उतरतो. आठवड्यात घरी पोचेन.

गाडी आता तुझ्या हातात आहे, दादा. या वेळी मी मागून थांब म्हणणार नाही.

अमृत